स्कूबाला निघालात? आधी 'नाही' म्हणणारा शोधा

दिवाळीची सुट्टी लागली किंवा मे महिना उजाडला, की घाटावरच्या गाड्या कोकणाकडे उतरू लागतात. पूर्वी मालवणला जाणारा माणूस सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, सुरमईचे जेवण आणि सोलकढी यांवर ताव मारायचा आणि येताना काजू, कोकम आणि खाजे घेऊन यायचा. आता या यादीत स्कूबा डायव्हिंगची भर पडली आहे. पाठीवर हवेचे सिलिंडर, तोंडात नळी आणि डोळ्यांवर काचेचा मास्क लावून पाण्याखालचे प्रवाळ आणि रंगीत मासे पाहायचे, ही हौस आता फक्त पैसेवाल्यांची राहिलेली नाही. माझ्या दवाखान्यात येणारे बँकेतले कर्मचारी, शाळेतल्या बाई, कॉलेजची पोरे, सगळेच तारकर्ली-मालवणला पाण्यात उतरून येतात आणि मोबाइलवरचे चित्रण मला कौतुकाने दाखवतात. काही तरुण तर त्यापुढे जाऊन अंदमानात किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी रीतसर शिकायलाही जाऊ लागले आहेत.

मला याचा आनंदच आहे. सुट्टीत नुसते खाऊन झोपण्यापेक्षा माणसाने काहीतरी नवे करावे. तक्रार आहे ती वेगळीच. म्हैस विकत घ्यायची तर आपण दात पाहतो, दोन वेळा धार काढून पाहतो, चार जाणत्यांना विचारतो. आणि ज्याच्या हाती आपला श्वास सोपवायचा, त्या स्कूबावाल्याला मात्र आपण दोनच प्रश्न विचारतो. 'कितीला?' आणि 'व्हिडिओ काढून देणार ना?'

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्या माणसाने पैशांच्या आधी तुमची प्रकृती विचारली आणि ती ऐकून 'तुम्ही आज उतरू नका' असे सांगायची ज्याची तयारी आहे, त्याच्याकडेच जावे. तो दोनपाचशे रुपये महाग पडला तरी चालेल. असे का म्हणतो, ते समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र पाहावे लागेल.

पाण्याखाली शरीराचे काय होते?

जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा दाब असतो. समुद्रात दर १० मीटरला, म्हणजे साधारण ३३ फुटांना, तेवढाच आणखी एक दाब वाढतो. म्हणजे १० मीटर खाली गेलात की दाब दुप्पट. दाब दुप्पट झाला की बंद जागेतली हवा आकसून निम्मी होते आणि वर येताना तीच हवा फुगून पुन्हा दुप्पट होते. शाळेत शिकलेला बॉइलचा नियम तो हाच. शरीरात हवेच्या पोकळ्या तीन ठिकाणी महत्त्वाच्या आहेत : कान, सायनस आणि फुफ्फुसे.

कान हा या प्रवासातला पहिला तपासणी नाका. दोनतीन मीटर खाली जाताच कानात दडे बसतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली, की घशातून कानात जाणाऱ्या नळीवाटे हवा आत शिरते आणि दडा सुटतो. पण सर्दी असेल तर ही नळी सुजलेली असते आणि हवा जात नाही. तशात जोर करून खाली गेलात, तर कानाचा पडदा फाटू शकतो. कित्येक जण नाकात थेंब घालून वेळ मारून नेतात. त्या थेंबांचा परिणाम पाण्याखाली असतानाच ओसरला, तर वर येताना कानात किंवा सायनसमध्ये हवा कोंडते. म्हणून साधा नियम ठेवा : सर्दी असेल तर डुबकी नाही.

फुफ्फुसाची गोष्ट याहून गंभीर आहे. नळीतून येणारी हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची असते. खाली असताना पूर्ण श्वास घेऊन, तो रोखून माणूस घाबरून वर धावला, तर आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला वाट नसेल, तर फुफ्फुसाचे अस्तर फाटते, हवा रक्तात शिरते आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकते. हे होण्यासाठी फार खोल जावे लागते असे नाही. चारपाच फुटांवरून श्वास रोखून वर आल्यानेही इजा होऊ शकते. 'आम्ही फार खाली नेत नाही, काळजी नको' हे वाक्य ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. सिलिंडर लावलेल्या माणसाने श्वास कधीही रोखायचा नाही, हा या खेळातला पहिला नियम आहे. पोहताना श्वास रोखायची आपल्याला सवय असते आणि नेमकी तीच इथे घातक ठरते.

सही नको, तपासणी मागा

चांगल्या केंद्रात पाण्यात उतरण्याआधी एक आरोग्यविषयक छापील अर्ज देतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या अर्जाच्या पहिल्या पानावर १० प्रश्न असतात. फुफ्फुसाचा किंवा हृदयाचा विकार आहे का, कधी शुद्ध हरपली का, कान-डोळ्यांचा त्रास आहे का, गेल्या वर्षभरात शस्त्रक्रिया झाली का, रोजची औषधे कोणती, अशा धर्तीचे ते प्रश्न. त्यात एक प्रश्न मला फार आवडतो. १.६ किलोमीटर अंतर १४ मिनिटांत चालताना किंवा न थांबता २०० मीटर पोहताना तुमची दमछाक होते का? पन्नाशीच्या गृहस्थांनी घराजवळच्या मैदानावर एवढे चालून पाहावे. पुष्कळांना आपले उत्तर तिथेच मिळेल.

आपल्याकडे हा अर्ज कसा भरला जातो? न वाचता सगळीकडे 'नाही' आणि खाली सही. 'होय' लिहिले तर डॉक्टरांचा दाखला मागतील, मग मजा जाईल, ही भीती. मध्यंतरी एक तरुण माझ्याकडे आला. अंदमानला चार दिवसांच्या शिक्षणवर्गाला जाणार होता. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तपासायची गरज नाही, नुसती सही पाहिजे. बस लागलीय." लहानपणापासून त्याला दमा आहे आणि थंडीच्या दिवसांत त्याच्या खिशात पंप असतो. मी सही केली नाही, छातीरोगतज्ज्ञांकडे श्वासाची चाचणी करायला पाठवले. तो रागावून गेला. जाऊ दे. दम्यात श्वासनलिका आकसतात आणि फुफ्फुसाच्या कोपऱ्यात हवा अडकून राहते. अडकलेली हवा वर येताना काय करते, ते आपण वर पाहिलेच. दमा असलेल्या प्रत्येकाला कायमची बंदी, असे आजचे वैद्यकशास्त्र म्हणत नाही. आजार ताब्यात असेल आणि चाचण्या चांगल्या असतील, तर परवानगी मिळू शकते. पण ती तज्ज्ञांच्या तपासणीनंतर, बस लागलेली असताना नव्हे.

फिट येण्याचा आजार, हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, फुफ्फुस फुटून छातीत हवा साठण्याचा प्रकार पूर्वी झालेला असणे, कानाच्या पडद्याला भोक आणि गरोदरपण, यांपैकी काही असेल तर पाण्याबाहेरच थांबावे. पूर्वी क्षयरोग होऊन फुफ्फुसावर व्रण राहिले असतील, मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी तपासणी आणि मगच बेत. स्कूबाच्या अपघातांचा अभ्यास करणारी डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था अमेरिकेत १९८० साली सुरू झाली. तिच्या अहवालांत मृत्यूंच्या मोठ्या कारणांमध्ये हृदयविकार सातत्याने दिसतो. मासा चावण्याची भीती सगळ्यांना वाटते. आपल्याच हृदयाची फार थोड्यांना वाटते.

माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणे आहे. हा दाखला शाळेच्या रजेच्या दाखल्यासारखा देऊ नये. कान पाहिल्याशिवाय, छाती ऐकल्याशिवाय आणि रक्तदाब मोजल्याशिवाय त्यावर सही करू नये.

स्कूबावाला कसा पारखावा?

किनाऱ्यावर उतरताच चार जण कार्ड घेऊन पुढे येतात. गोंधळून न जाता पुढील गोष्टी विचाराव्यात. विचारण्यात लाज कसली? चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

१) माझ्याबरोबर पाण्यात कोण उतरणार आणि त्याचे शिक्षण काय? नुसते 'तो दहा वर्षे पाण्यात आहे' हे पुरेसे नाही. मालवणच्या पोरांचे समुद्राशी नाते जन्माचे आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण पोहणे वेगळे आणि संकुचित हवेवर दुसऱ्याला सांभाळणे वेगळे. पॅडी, सीएमएएस, एसएसआय यांसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांचे प्रशिक्षणपत्र त्याच्याकडे असावे आणि ते पाहायला मागावे. आपल्या राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र तारकर्लीलाच आहे, तेव्हा शिक्षण मिळत नाही ही सबब चालणार नाही.

२) एका मार्गदर्शकामागे किती जण? प्रथमच उतरणाऱ्याच्या अगदी हाताशी एक माणूस असावा. तो एकटाच असेल आणि तोच कॅमेरा चालवणार असेल, तर त्याचे लक्ष तुमच्यावर राहील की चित्रणावर?

३) आधी शिकवणार का? श्वास कसा घ्यायचा, कान कसे मोकळे करायचे, मास्कमध्ये पाणी शिरले तर काय करायचे, हे उथळ पाण्यात करून घ्यायला हवे. खुणाही शिकवायला हव्यात. पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे 'मस्त चाललंय' नव्हे, 'मला वर जायचंय'. सगळे ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात. आपल्याकडे अनेकांचा इथेच घोटाळा होतो. सांगितलेले समजले नाही, तर मान डोलावू नका, पुन्हा विचारा.

४) बोटीवर प्राणवायूचा सिलिंडर आणि प्रथमोपचाराची पेटी आहे का? पाठीवरच्या सिलिंडरमध्ये साधी हवा असते, प्राणवायू वेगळा. पाण्याखालून आजारी होऊन आलेल्याला सर्वांत आधी लागतो तो शुद्ध प्राणवायू. तो देणारा प्रशिक्षित माणूस बोटीवर असावा आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचे, हे त्याला आधीच ठाऊक असावे.

५) बोट कशी आहे? मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परत येणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोन पर्यटकांचे प्राण गेले. ते पाण्याखालून सुखरूप वर आलेले होते. म्हणजे धोका केवळ खोल पाण्यात नसतो. प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, ते येताजाता अंगावर घालायला लावतात का आणि बोटीत परवान्याइतकीच माणसे आहेत का, हे पाहावे. उकडते म्हणून जॅकेट काढून बसणारे आपणच असतो.

६) ऐनवेळी मी उतरलो नाही, तर पैसे परत मिळतील का? हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. पैसे बुडणार म्हटल्यावर कान दुखत असूनही माणूस उतरतो आणि लाटा उसळलेल्या असूनही बोट निघते. गढूळ पाणी किंवा वाढलेला वारा पाहून जो स्वतःहून फेरी रद्द करतो, त्याचे नाव चार जणांना सांगावे.

'पोहता येत नसले तरी चालेल' ही पाटी तुम्ही वाचली असेल. हात धरून नेणाऱ्या उथळ डुबकीपुरते ते एक वेळ ठीक. पण ज्यांना शिकून स्वतः डायव्हर व्हायचे आहे, त्यांना पोहता आलेच पाहिजे. पॅडीच्या प्राथमिक वर्गात २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे करून दाखवावे लागते, समुद्रात ४ डुबक्या घ्याव्या लागतात आणि त्यानंतर १८ मीटरपर्यंत उतरायची परवानगी मिळते. दोन दिवसांत सगळे उरकून प्रमाणपत्र देतो म्हणणाऱ्याकडे संशयानेच पाहावे.

भाड्याचे साहित्य

नव्या माणसाने लगेच महागडी खरेदी करू नये, भाड्याचे साहित्य पुरते. मात्र ते तपासायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. भाड्याने सायकल घेतली तरी आपण ब्रेक दाबून पाहतोच ना?

मास्क : पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला, तर मापाचा आहे. भरघोस मिशा असल्या तर कडेने पाणी शिरते, हे मिशीवाल्यांनी ध्यानात ठेवावे.

रेग्युलेटर : श्वास घेण्याचे हे यंत्र. कूस्तो आणि गान्यां या दोघांनी १९४३ साली फ्रान्समध्ये ते आजच्या स्वरूपात आणले आणि तिथून हा खेळ सुरू झाला. पाण्याबाहेरच त्यातून चारपाच श्वास घ्या आणि त्याच वेळी दाबाच्या काट्याकडे पाहा. काटा स्थिर राहिला पाहिजे. श्वासागणिक तो खाली जाऊन वर येत असेल, तर सिलिंडरची चावी पूर्ण उघडलेली नसण्याची शक्यता आहे. लगेच सांगा. तोंडात धरायचा रबरी भाग फाटलेला नसावा आणि दर गिऱ्हाइकानंतर जंतुनाशकात बुडवून धुतलेला असावा. आधीच्या माणसाची सर्दी आणि ओठांवरचे फोड आपल्याला कशाला हवेत? जोडीला दुसरा, जादा रेग्युलेटर आहे ना, हेही पाहावे.

हवा : हे सर्वांत महत्त्वाचे. हवेला कोणताही वास किंवा चव असता कामा नये. सिलिंडर भरणारे यंत्र इंजिनावर चालते आणि इंजिनाचा धूर हवा ओढणाऱ्या तोंडाशी गेला, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत भरला जातो. त्याला स्वतःला वास नाही, पण सोबतच्या धुराला आणि तेलाला असतो. तेलकट वास आला, डोके दुखू लागले किंवा मळमळले, तर तो सिलिंडर वापरू नये. सिलिंडरच्या खांद्यावर दाबचाचणीची तारीख ठोकलेली असते, ती दाखवायला सांगावी. गंजलेला, पोचे आलेला सिलिंडर परत करावा.

फुगवायचे जॅकेट : बटण दाबून हवा भरा, सोडून द्या आणि पुन्हा भरून चारपाच मिनिटे ठेवा. ते मऊ पडता कामा नये आणि बटण अडकता कामा नये. कमरेला वजनाचा पट्टा असेल, तर त्याची कडी एका हाताने झटकन सुटते ना, हे स्वतः करून पाहा.

दाबाचा काटा : भरलेला सिलिंडर साधारण २०० बार दाखवतो. ५० बार शिल्लक असताना पाण्याबाहेर असायला हवे. हे आकडे शिकणाऱ्याने पाठच करावेत.

तास-अर्ध्या तासासाठी उतरणाऱ्या पर्यटकाला एवढे सगळे जमणार नाही, हे मी जाणतो. त्याने निदान तीन गोष्टी कराव्यात : मास्क लावून पाहणे, जमिनीवर चार श्वास घेणे आणि हवेचा वास घेणे.

डुबकीच्या आधी आणि नंतर

आदल्या रात्री मद्यपान नको. सकाळी भरपेट मासे खाऊन बोटीत बसू नये, हलका नाश्ता करावा. बोट लागते म्हणून घ्यायच्या काही गोळ्यांनी झोप येते, त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. वर येताना सावकाश यावे, मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने नको.

गोटी सोड्याची बाटली फोडली की बुडबुडे वर धावतात, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. दाबाखाली विरघळलेला वायू दाब कमी होताच बाहेर येतो. आपल्या रक्तातल्या नायट्रोजनचेही तसेच होते. म्हणून एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्या घेतल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, असा डाइव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला आहे. अंदमानहून परतणाऱ्यांनी तिकिटे त्या हिशेबाने काढावीत. ६०० मीटरपेक्षा उंचावर गाडीने जाणेही यातच धरतात. आपली आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे. वर्गात तीनचार डुबक्या घेऊन त्याच संध्याकाळी घाट चढणाऱ्यांनी एक मुक्काम वाढवावा.

घरी परतल्यावर दिवसभरात सांधे दुखू लागले, हातापायांना मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले, चक्कर आली किंवा श्वास लागला, तर अंगदुखीची गोळी घेऊन पडून राहू नका. डॉक्टरांकडे जा आणि 'मी काल समुद्राखाली उतरलो होतो' हे वाक्य आवर्जून सांगा. गावातल्या डॉक्टरला ते आपणहून कसे सुचावे? ते कळले तर प्राणवायू लावून तुम्हाला योग्य ठिकाणी पाठवता येते.

हे सगळे वाचून कोणी बेत रद्द करावा, अशी माझी इच्छा नाही. कोकणातल्या पोरांनी स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला हा धंदा आहे, तो वाढावा. पण आपण घासाघीस करत राहिलो, तर चांगला व्यावसायिक मागे पडेल आणि तपासणी, शिकवणी, प्राणवायू यांवर खर्च न करणारा पुढे जाईल. खर्च कुठे वाचवला, हे वर किनाऱ्यावर दिसत नाही, ते पाण्याखाली कळते. तेव्हा जाण्याच्या एक-दोन आठवडे आधी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन कान, छाती आणि रक्तदाब तपासून घ्या, अर्ज खरा भरा, आणि 'आज नको' असे सांगणारा स्कूबावाला भेटला तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याचा फोन नंबर घेऊन ठेवा आणि पुढच्या सुट्टीत त्याच्याकडेच जा.